दोन खुर्च्या आणि एक पाट

चिऊच्या खोलीला पिस्ता रंग द्यायचा हे सहाव्या महिन्यातच ठरलं होतं. डॉक्टरांनी तारीख दिली होती २ एप्रिल २०२३. म्हणून फेब्रुवारीत निवांतपणे काम काढलं. शनिवारी, ११ तारखेला रंगाऱ्याने लांबी (पुट्टी) घासून भिंतींना पहिला हात मारला. दुसरा हात सोमवारी मारायचा होता. रविवारी पहाटे माझं पाणी गेलं आणि दुपारपर्यंत चिऊ जन्माला आलीसुद्धा. सात आठवडे आधी. वजन १ किलो ७४० ग्रॅम.

पुढचे एकोणीस दिवस ती एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. एवढंच सांगते की घरी अर्धवट रंगवलेली खोली होती, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली होती, कपाटाच्या लॅमिनेटचा वास मारत होता, आणि ती खोली डोळ्यांसमोर आली की मला रडू फुटायचं. बाळ आलं, पण त्याची जागा तयार नाही, हे मनात घर करून बसलं होतं.

तिथल्या एका सिस्टरने माझं ओझं हलकं केलं. मी दूध काढताना तिला खोलीचं सांगत होते. ती म्हणाली, "ताई, रंगाचं सोडा. घरी नीट मागे रेलून बसता येईल अशी खुर्ची आहे का?"

खुर्ची लागणार होती कांगारू केअरसाठी. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे घालायचे, आपल्या उघड्या छातीवर उभं धरायचं, बेडकासारखे पाय पसरून पोटाशी घ्यायचं आणि वरून मऊ कापडाने बांधून टाकायचं. इन्क्युबेटर पुरेनात म्हणून १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली, आणि आता जागतिक आरोग्य संघटना कमी दिवसांच्या बाळासाठी रोज किमान आठ तास असं धरायला सांगते. आठ तास! पलंगावर उशा रचून अर्ध्या तासात माझी कंबर धरायची. म्हणजे चिऊच्या खोलीतली पहिली वस्तू पाळणा नव्हती, खेळणं नव्हतं, तर मोठ्या माणसाची खुर्ची होती.

ती घरातच निघाली. निखिलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आजोबांची आरामखुर्ची गेली कित्येक वर्षं गॅलरीत कुंड्यांच्या मागे पडली होती. सागवानी, लांब हातांची, मागच्या दांड्याला तीन खाचा असलेली. दांडा वरच्या खाचेत घातला की माणूस जवळजवळ ताठ बसतो, खालच्या खाचेत घातला की आडवा होतो. मधली खाच कांगारूसाठी अगदी बरोबर निघाली. जुनं कापड विरलं होतं. सासूबाईंनी दुहेरी मांजरपाट आणून, चारदा शिवण मारून नवं कापड घातलं. निखिल त्याच्यावर दहा-बारा वेळा धपकन बसला, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "आता बस तू, टिकेल."

सिस्टरने बजावून सांगितलेली एक गोष्ट इथे लिहिते, कारण ती कुणी सहसा सांगत नाही. अशा खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोपी जायचं नाही. बाळ घसरून आपल्या अंगाच्या आणि कापडाच्या फटीत अडकू शकतं. त्यामुळे आम्ही पाळ्या लावल्या. डोळे मिटायला लागले की दुसऱ्याला उठवायचं आणि बाळ त्याच्याकडे द्यायचं. निखिल पहाटे तीन ते सहा बसायचा. मी उठून पाहिलं की मधल्या खाचेत तो, त्याच्या छातीवर बदामाएवढं टोपडं, आणि दोघांवर सासूबाईंची जुनी नऊवारी.

चिऊ ३ मार्चला घरी आली. खोलीचा दुसरा हात आम्ही मारलाच नाही. डॉक्टरांनी ताज्या रंगाच्या आणि फर्निचरच्या वासापासून तिला लांब ठेवायला सांगितलं होतं, आणि तशीही पहिले सहा महिने तरी बाळ आईबापांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर झोपलेलं बरं असतं. त्यामुळे आरामखुर्ची आणि तिचा छोटा पलंग आमच्या खोलीत आला, आणि 'तिची' खोली तीन आठवडे खिडक्या सताड उघड्या टाकून नुसती वारा खात राहिली. आजही जवळून पाहिलं तर भिंतीवर पहिल्या हाताचे ब्रशचे पट्टे दिसतात. ते तसेच राहू द्यायचे असं मी ठरवलं आहे.

पाळण्याचा प्रश्न मात्र अवघड गेला. निखिलच्या घरातला लाकडी पाळणा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. निखिल त्यात वाढला, त्याची बहीण वाढली, तिचा मुलगाही वाढला. दर बाळाच्या वेळी त्याला ऑइलपेंटचा नवा हात मिळालेला. सासूबाईंनी तो साताऱ्याहून मागवून घेतला आणि पुसून, हळदकुंकू लावून ठेवला. मी जवळून पाहिला. कठड्याच्या कडेला रंगाचे पोपडे निघाले होते. वर लाल, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा. बाळं दात शिवशिवायला लागले की नेमकी तीच कड चघळतात.

आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पाळण्याचा सगळ्यात वरचा हातसुद्धा २००९ चा. त्या रंगांत शिसं होतंच असं मी म्हणत नाही, पण नाही असंही कुणी सांगू शकलं नसतं, आणि शिसं बाळाच्या मेंदूला अपाय करतं. घासून काढावा तर त्याची पूड घरभर. शिवाय गजांमधून माझी मूठ सहज आरपार जात होती. हे अंतर सहा सेंटीमीटरहून जास्त नसावं, नाहीतर बाळाचं अंग बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं.

हे सासूबाईंना सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बारशापुरता तरी वापरू या ना गं?" त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, विनंती होती. मला भरून आलं.

बाराव्या दिवशी चिऊ काचेच्या पेटीत होती, त्यामुळे बारसं राहिलंच होतं. ते आम्ही २ एप्रिलला केलं, ती ज्या दिवशी यायची होती त्या दिवशी. पाळण्यात आधी जाड गोधडी, कठड्याला चारी बाजूंनी स्वच्छ चादर गुंडाळलेली. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले, आणि पाच मिनिटांत चिऊ परत माझ्या मांडीवर. आता पाळणा तिच्या खोलीत कोपऱ्यात आहे, दुपटी आणि गोधड्या ठेवायला. त्याच्या वरच्या कडीला मात्र आम्ही पूर्ण उपयोगात आणलं. माझ्या आईने तिथे चिमणाळं टांगलं.

चिमणाळं हल्ली फारसं दिसत नाही. कापडाच्या चिमण्या कापूस भरून शिवायच्या आणि दोऱ्यांनी पाळण्यावर टांगायच्या. बाजारातली तसली वस्तू विजेवर फिरते, दिवे लावते आणि गाणी म्हणते. कमी दिवसांच्या बाळाला इतकं सगळं एकदम झेपत नाही. आवाज, दिवा आणि हालचाल एकत्र आली की चिऊ तोंड फिरवायची, बोटं ताठ फाकवायची आणि उचक्या द्यायला लागायची. हे तिचं 'बास झालं' आहे हे ओळखायला मला महिना लागला. सुरुवातीला बाळाला वीस ते तीस सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, आणि रंगांपेक्षा काळ्या-पांढऱ्यातला फरक आधी कळतो. म्हणून आईने पाच चिमण्या केल्या. बाबांच्या जुन्या काळ्या छत्रीचं कापड आणि पांढरं धोतर. चोचीसुद्धा काळ्याच. मे महिन्यातल्या एका सकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि चिऊ खाली पडून वर बघत होती. वाऱ्याने एक चिमणी फिरली आणि चिऊची नजर तिच्याबरोबर फिरली. डावीकडून उजवीकडे, अखंड. मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी होते.

(ती हात वर करून पकडायला लागली तेव्हा चिमणाळं काढून खिडकीच्या वर, हाताला लागणार नाही असं लावलं. लोंबणारा दोरा बाळाच्या हाताशी कधीच ठेवू नये.)

खोली सजवण्याचा माझा सगळा विचार मे महिन्यातल्या आणखी एका दुपारी बदलला. चिऊच्या शेजारी सतरंजीवर मी उताणी पडले आणि पहिल्यांदा ती खोली तिच्या जागेवरून पाहिली. भिंतीवरचे हत्ती-जिराफांचे स्टिकर तिथून दिसतच नव्हते. दिसत होती ती बरोबर डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट, पंख्याच्या पात्यांच्या कडेला साचलेली काळी धूळ, आणि टेबलाच्या खालच्या बाजूने अर्धा इंच बाहेर आलेला स्क्रू. त्या दुपारी मी स्टिकर काढले. ट्यूबच्या जागी भिंतीवर, दरवाज्याच्या वर, पिवळा मंद दिवा घेतला. पंखा पुसला, स्क्रू कापून घेतला. पडद्याला माझ्या आजीची इरकल लावली, गडद काळपट हिरवी, लाल काठाची. दुपारची उन्हं तिच्यातून अशी गाळून येतात की खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं, आणि चिऊ त्या उजेडात तासभर झोपते. कपाट भिंतीला पट्ट्या लावून घट्ट केलं, कारण पुढे मुलं खण उघडून शिडीसारखी वर चढतात आणि कपाट अंगावर येतं. खोलीच्या सजावटीवर याहून जास्त आम्ही काही केलं नाही.

आता दुसरी खुर्ची.

ऑगस्टमध्ये चिऊ सहा महिन्यांची झाली आणि घरात खाण्याची चर्चा सुरू झाली. पण तिचे दोन वाढदिवस होते. एक कॅलेंडरचा, एक खरा, म्हणजे सात आठवडे वजा करून येणारा. डॉक्टर म्हणाले, "कॅलेंडर बाजूला ठेवा, मुलीकडे बघा." मान भक्कम धरते का, थोड्या आधाराने ताठ बसते का, तुम्ही जेवताना घासाकडे बघून तोंड उघडते का, चमचा लावला की जिभेने बाहेर ढकलते की आत घेते. हे सगळं जुळलं की सुरू करा.

पण मला घाई झाली होती. मला वाटलं, खुर्ची आणली की ती बसायला शिकेल. सेलमध्ये एक भारी दिसणारी खुर्ची ऑनलाइन मागवली. सात कोनांत मागे झुकणारी, चाकांची, फुलाफुलांच्या रेग्झिनची जाड गादी असलेली. मागे झुकते म्हणजे अशक्त बाळाला चांगली, असा माझा हिशेब. तो साफ चुकीचा होता. चिऊ तिच्यात घसरत खाली जायची, हनुवटी छातीला टेकायची, पट्टा कमरेऐवजी पोटावर यायचा. मी दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या खोचायचे. तरी दोन मिनिटांत ती वाकडी व्हायची, आणि पाय झाडत राहायची, सतत.

उष्टावण गणपतीच्या आधी झालं, सातव्या महिन्यात, कारण मुलीचा महिना विषम हवा. तिच्या मामाने, म्हणजे माझ्या भावाने, सोन्याच्या अंगठीने पेज ओठांना लावली. खीर नाही, पेज. साखर, मीठ वर्षभर नको आणि मध तर अजिबात नको, हे डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं. मधातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. चिऊने ओठ चाटले आणि सगळ्यांकडे असं पाहिलं की हे इतके दिवस कुठे ठेवलं होतं. पण ते सगळं माझ्या मांडीवर झालं. खुर्चीत नाही.

त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे नेहमीची फेरी होती. मी मोबाइलवर खुर्चीतला व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि मला टेबलावर बसायला सांगितलं, पाय लोंबकळत ठेवून. हातात बिस्किट दिलं. "खा. आणि खाताना तुमचं लक्ष कुठे जातं ते सांगा."

घरी येऊन मी हा प्रयोग भाकरीवर पुन्हा केला. ओट्यावर चढून बसले, पाठ कशाला टेकवली नाही, पाय हवेत, आणि भाकरी तोडून खाल्ली. तुम्हीही करून बघा. घास चावताना मांड्या आवळल्या जातात, हात ओट्याची कड धरायला जातो, गिळताना अंग पुढे-मागे होतं. मग पायाखाली स्टूल ओढलं. खांदे आपोआप खाली आले. दुसरा हात मोकळा झाला. मी मोठी बाई, माझं असं होतं, तर सात महिन्यांच्या मुलीने तोल सांभाळायचा की घास?

फिजिओनी सांगितलेलं गणित सोपं होतं. कंबर, गुडघे आणि घोटे, तिन्ही ठिकाणी काटकोन. पाठ सरळ, मागे रेललेली नाही. सीटची खोली एवढीच की पाठ टेकल्यावर गुडघे कडेच्या पुढे येतील. आणि पाऊल पूर्ण टेकलेलं. ती नीट बसायला लागेपर्यंत मांडीवरच भरवा, घाई नको, असंही त्या म्हणाल्या.

रात्री मी याबद्दल वाचत बसले. नॉर्वेतल्या पीटर ऑप्सविक नावाच्या माणसाने १९७२ साली ट्रिप ट्रॅप नावाची लाकडी खुर्ची बनवली. त्याचा लहान मुलगा जेवायच्या टेबलाशी बसताना पाय लोंबकळत ठेवून अवघडून बसतो, हे पाहून त्याला ती सुचली. सीट आणि पायाची फळी दोन्ही खाचांमध्ये वरखाली होतात, मूल वाढेल तशी. पन्नास वर्षं झाली, ती अजून विकली जाते. तिची किंमत आमच्या आवाक्यातली नव्हती. पण खाचा बघून मला आजोबांची आरामखुर्ची आठवली, आणि खाचा म्हटल्यावर बाबा आठवले.

माझे बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. आयुष्यभर गाड्यांच्या बॉडीचं काम. फोनवर मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी ती गादीची खुर्ची धुऊन ठेव, मी येऊन बघतो." धुवायला म्हणून मी रेग्झिन सोडवलं, आणि शिवणीच्या आतल्या बाजूला पेजेचे सुकलेले कण आणि त्यावर काळी बुरशी. पावसाळाभर ओल जिरत राहिलेली. बाहेरून ती खुर्ची मी रोज पुसत होते. ज्या वस्तूवर बाळ जेवतं तिला शिवण आणि फट जितकी कमी तितकं चांगलं, हे मला त्या दिवशी नाकाने कळलं. खुर्ची परत घेतली नाही. तो पैसा गेला.

दुसरी घ्यायला दसऱ्याच्या आसपास बाबांबरोबर गेले. दुकानात दहा-बारा खुर्च्या मांडल्या होत्या. मी रंग बघत होते. बाबांनी एक उचलली आणि सरळ उलटी केली. मग दुसरी, तिसरी. पायांचे लॉक दाबून बघितले, हाताने हलवून आवाज ऐकला, वाकून पायांचा घेर बोटांनी मोजला. "गाडी उलटते ती टप जड झाला की," ते म्हणाले. "वर पोरगी वळवळणार, पुढे झुकणार. खालचा घेर सीटच्या बाहेर हवा, चारी अंगांनी." जिचे पाय सरळ खाली जात होते ती बाद. जिला चाकं होती ती बाद. "हिला कुठं गावाला जायचंय?"

शेवटी उरली ती सगळ्यात साधी. एकसंध पांढऱ्या प्लास्टिकची सीट, तिरके फाकलेले चार पोलादी पाइपचे पाय, मांड्यांच्या मध्ये दांडा, निघणारा ट्रे. हॉटेलात ठेवतात तसली. पट्टा मात्र नुसता कमरेचा होता. खांद्यावरून येणारा पाच टोकांचा पट्टा आम्ही वेगळा घेतला. आणि तिला पायाची फळी नव्हती. बाबा म्हणाले, "ते माझ्यावर सोड."

फळीसाठी त्यांनी लाकूड विकत आणलं नाही. घरून येताना पाट घेऊन आले. आमच्या दापोडीच्या स्वयंपाकघरातला, ज्यावर मी बसून जेवले, अभ्यास केला, एकदा रागावून न जेवता बसून राहिले तो. सागवानी, मध्यभागी वापरून वापरून किंचित खोलगट झालेला. मी म्हटलं, "बाबा, कापू नका ना." ते म्हणाले, "पोरी, आता कोण बसतंय खाली? माळ्यावर वाळवीने खाण्यापेक्षा हिच्या पायाखाली येऊ दे."

गॅलरीत त्यांनी दोन दिवस काम केलं. आधी चिऊला खुर्चीत बसवून पायाखाली वर्तमानपत्रांची चळत ठेवली आणि गुडघा काटकोनात येईपर्यंत एकेक अंक कमी केला. त्या उंचीला पाइपवर पेन्सिलने खूण केली. मग पाटाची लांब पट्टी कापली. एसटीत सीटच्या पाइपला लावतात तसले दोन यू-क्लॅम्प आणले होते. आता, खुर्चीचे पाय तिरके आहेत. फळी खाली सरकवायची तर खाली गेल्यावर दोन पायांतलं अंतर वाढतं. गोल भोकं पाडली तर क्लॅम्प जुळणारच नाहीत. म्हणून बाबांनी भोकांऐवजी दोन्ही टोकांना लांबट खाचा पाडल्या, प्रत्येकी दोन-दोन इंच, म्हणजे क्लॅम्प खाचेत बाहेरच्या बाजूला सरकेल आणि फळी कुठल्याही उंचीला बसेल. त्यांनी हे मला समजावून सांगितलं तेव्हा त्यांच्या कानावर पेन्सिल होती आणि चष्म्यावर भुसा. कडा गोल केल्या. पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०. व्हार्निश लावलं नाही. घाण्यावरचं अळशीचं तेल फडक्याने चोळलं आणि आठवडाभर उन्हात ठेवलं. बोल्टांची टोकं खालच्या बाजूला घेऊन त्यांवर टोपीचे नट घातले, की रांगताना डोक्याला लागू नये.

तोवर चिऊ मांडीवर खात होती. नाचणीचं सत्त्व, मूगडाळ घालून मऊ भात, वाफवलेला लाल भोपळा. मी रोज पाच मिनिटांत दमायचे, तीही दमायची. मध्येच तिला उबळ यायची, डोळ्यांत पाणी, चेहरा लाल, आवाज मोठा. आवाज येतोय तोवर तिचं तिला सोडवू द्या, आवाज बंद पडला आणि श्वास अडकला तर धावायचं, हे डॉक्टरांनी शिकवलं होतं. अशा वेळी काय करायचं तेही त्यांनी बाहुलीवर करून दाखवलं होतं. जो कुणी बाळाला भरवतो त्याने ते शिकून घ्यावं, आजी-आजोबांनीसुद्धा.

१२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं आणि चिऊ बरोबर नऊ महिन्यांची झाली होती. खऱ्या वयाने सव्वासात. आधाराशिवाय बसायला लागून आठवडा झाला होता. पूजा झाली, पानं वाढली. बाबांनी खुर्ची टेबलाच्या टोकाला आणली, ओट्यापासून आणि गॅसपासून लांब, आणि टेबलापासून एवढ्या अंतरावर की तिने पायाने टेबल ढकललं तर खुर्ची मागे जाणार नाही. मी तिला आत बसवलं, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय सोडले, पाची टोकं लावली, पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली.

तिची पावलं पाटावर टेकली.

आधी तिने बोटं आखडली, मग पसरली. लाकूड चाचपल्यासारखं टाचांनी दोनदा थोपटलं. आणि पाय झाडायचे थांबले. तीन महिने मी ते पाय हवेत फिरताना पाहिले होते. ती सरळ बसली होती, कुठेही टॉवेल खोचलेला नव्हता, आणि दोन्ही हात मोकळे होते. ट्रेवर भोपळ्याची वाफवलेली फोड होती. ती तिने मुठीत धरली, चुरडली, उरलेली तोंडात घातली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, आपल्या पंगतीला बसली." माझी आई काही बोलली नाही, तिने फक्त पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी चिऊ वीस मिनिटं जेवली. आमच्या सगळ्यांबरोबर सुरू केलं आणि सगळ्यांबरोबर संपवलं.

ज्यांच्या घरी पायफळी नसलेली खुर्ची आहे त्यांनी लगेच नवी घ्यावी असं नाही. माझ्या मैत्रिणीने पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी मासिकं गच्च भरून, चिकटपट्टीने बांधून पायाखाली ठेवलंय. तिचा मुलगा उत्तम बसतो. फक्त ते हलता कामा नये.

आरामखुर्ची आता चिऊच्या खोलीत आहे, इरकलीच्या पडद्याजवळ. रात्री गोष्ट सांगायला मी तिच्यात बसते, वरच्या खाचेत, कारण आता झोपायचं तिने असतं. मांजरपाट पुन्हा बदलायला झालं आहे. सासूबाई म्हणतात या वेळी रंगीत घालू.

आणि जेवायच्या खुर्चीच्या पाइपवर आता पेन्सिलच्या चार खुणा आहेत, प्रत्येकीपुढे बाबांच्या अक्षरात तारीख. चिऊ ट्रेशिवाय, सरळ आमच्या टेबलाशी बसते. पाटावर पाय ठेवून स्वतः वर चढते, आम्ही फक्त मागून खुर्ची धरून उभे राहतो. गेल्या महिन्यात बाबा आले तेव्हा तिने त्यांच्या पिशवीतून पाना काढून दिला, खाली बसली आणि फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "आबा, खाली."

त्यांनी दोन बोटं खाली घेतली.